एक्क्याचा पट्टा

झाडावर चढण्याच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरतात हे ऐकून तुमच्यातला कोकणी माणूस हसेल. आपल्याकडे नारळ काढणारा गडी पायात काथ्याचा फास अडकवतो, कमरेला कोयता खोचतो आणि तुम्ही पान लावेपर्यंत शेंड्याशी पोचलेला असतो. त्याला कुणी पदक दिले नाही. पण अमेरिकेत सेंट लुईसला 1976 साली अशी स्पर्धा सुरू झाली आणि पुढे झाडांची निगा राखणारे कामगार देशोदेशींहून तिच्यात उतरू लागले. मला त्या चढण्यापेक्षा चढण्याआधीचा सोपस्कार जास्त आवडला. झाडाला हात लावण्यापूर्वी प्रत्येकाने आपले दोर, पट्टे, कड्या, डोक्यावरची टोपी तपासनीसांपुढे मांडायची. बनवणाऱ्याने सांगितले त्यापेक्षा काही वेगळे केलेले दिसले, घरी भोक पाडले, टाका घातला, कडी बदलली, की ती वस्तू बाजूला ठेवतात. चढणारा कितीही नावाजलेला असो. कारण साधे आहे. पट्टा ज्या कापडाचा, ज्या शिवणीचा तपासून विकला, त्याच कापडाची आणि त्याच शिवणीची हमी असते. भोक पाडले की फाटायला तिथूनच सुरुवात होते. दोराला गाठ मारली तरी त्याची ताकद कमी होते, मग पट्ट्याची काय कथा.

मी राहतो कोपरला. डोंबिवलीच्या अलीकडचे हे स्टेशन. इथून ठाण्यापर्यंत श्रावणात माणसेच झाडासारखी उभी राहतात. दहीहंडी हा उत्सव आहे, पण लाखांची बक्षिसे लागल्यापासून ती स्पर्धाही आहे, आणि ठाणे या स्पर्धेची पंढरी. 2012 साली जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने ठाण्यातच 9 थर लावून 43.79 फुटांचा गिनेस विक्रम केला. 2025 साली ठाण्यातच कोकण नगरच्या पथकाने 10 थर लावले. सगळ्यात वरचा तो एक्का, त्याच्याखाली दुर्री, मग तिर्री. पत्त्यांतले हे शब्द या खेळात कसे आले कोण जाणे, पण मोठे चपखल बसले. आमच्या मोहल्ल्यातलीही दोन पोरे एका पथकात तळाला खांदा देतात. तळाला खांदा किती रुंद आहे एवढेच विचारतात.

एक्का वजनाने हलका हवा, म्हणजे वयाने लहान हवा. सगळा पेच इथे आहे. 2014 साली मुंबई उच्च न्यायालयाने 18 वर्षांखालच्या मुलांना मनाई केली आणि उंची 20 फुटांवर बांधली. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, परत आला. 2017 साली उच्च न्यायालयाने उंचीची मर्यादा काढली, पण 14 वर्षांखालचे मूल थरात नसेल आणि डोक्याला टोपी, कमरेला पट्टा, खाली गाद्या असतील ही सरकारची हमी नोंदवून घेतली. 2022 साली सरकारने या खेळाला साहसी खेळाचा दर्जा जाहीर केला, विम्याची सोय केली. कागद तयार झाला.

आता पट्ट्याकडे बघा. मोठ्या चौकात, कॅमेऱ्यासमोर, क्रेनवरून दोर सोडलेला असतो, आणि काही ठिकाणी दोर धरायला गिर्यारोहण शिकलेली मुले असतात. तिथे फार बोलण्यासारखे नाही. पण गल्लीत मी जे पाहतो ते वेगळे आहे. मोठ्या माणसाचा कमरपट्टा पोराला बसावा म्हणून त्याला जादा भोके पाडलेली. सायकलची टोपी, हनुवटीखालचा पट्टा तुटला म्हणून नाडीने बांधलेली. लहान मुलाला कंबर जवळजवळ नसतेच. नुसत्या कमरपट्ट्यावर उलटे लटकले तर ते त्यातून निसटू शकते. त्याला खांदे आणि मांड्या धरणारा पूर्ण पट्टा लागतो. दोर डोक्यावर सरळ हवा. तिरका असला तर थर कोसळल्यावर मूल लंबकासारखे झुलते आणि समोरच्या खांबाला आपटते. दोर ताणून धरला तर चढण्यात कसब उरत नाही म्हणून पथके कुरकुरतात, आणि ढिला सोडला तर ढिलाईइतके खाली पडणे आलेच. शिवाय एक्का लटकतो तेव्हा दुर्री आणि तिर्री पडतच असतात. त्यांच्यासाठी दोर नाही.

बदल करूच नये असे मी म्हणत नाही. केरळच्या कण्णूर जिल्ह्यातल्या चेंबेरी जोसेफ यांनी नारळावर चढायचे यंत्र तयार केले, पुढे कासरगोडच्या नारळ संशोधन केंद्राने त्याला सुरक्षेची जोड बसवली. स्पेनमध्ये कॅटलोनियात आपल्यासारखेच मनोरे रचतात. तिथे 2006 साली एक मुलगी पडून गेली. मग वरच्या मुलांसाठी त्यांनी खास टोपी घडवून घेतली, हलकी आणि बाहेरून मऊ. कारण कडक टोपीचे डोके खालच्याच्या तोंडावर आपटले तर दात त्याचे जातात. पडणाऱ्याबरोबर ज्याच्यावर पडायचे त्याचाही विचार त्या टोपीत आहे. मला हा बदल कवितेपेक्षा सुंदर वाटतो. (कवींनी रागावू नये, मीही त्यातलाच.)

आणि हे मनोरेवाले सरावाला जाळे बांधतात. उत्सवाच्या दिवशी जाळे नसते, सरावाला असते. आपण नेमके उलटे करतो. हंडीच्या दिवशी पट्टा, टोपी, रुग्णवाहिका. आणि गुरुपौर्णिमेला नारळ फोडल्यापासून रोज रात्री, कामावरून आलेली पोरे चाळीच्या पटांगणात फरशीवर थर लावतात, तेव्हा काही नाही. 2014 साली नवी मुंबईत 14 वर्षांचा मुलगा सरावातच गेला. 2025 च्या ऑगस्टमध्ये, हंडीच्या आठवडाभर आधी, दहिसरला 11 वर्षांचा मुलगा सरावात वरच्या थरावरून पडला आणि गेला. त्याला टोपी, पट्टा दिला नव्हता, असे पोलिसांच्या तक्रारीत आहे. 14 वर्षांच्या अटीला तेव्हा 8 वर्षे झाली होती.

बक्षिसाच्या मंडपात कागद तपासणारे असतात. पटांगणात कोण तपासणार? माझ्या मते एक्क्याच्या आईने. पहिल्या रात्री नारळ फुटायच्या आधी पट्टा तिच्या हातात द्यावा. तिने शिवण बघावी, कडी उघडून लावावी, जोर लावून ओढावा. भोके दिसली, गादी दिसली नाही, तर तिने पोराला घरी न्यावे आणि पथकाने त्या रात्री चार थरांवर थांबावे.