प्रवासातील संगणक आणि माहितीची सुरक्षा



जानेवारी २००८ मध्ये इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरात रात्रभर उभ्या असलेल्या एका मोटारीतून लॅपटॉप चोरीस गेला. तो ब्रिटिश नौदलातील एका कनिष्ठ अधिकाऱ्याकडे होता. सैन्यदलांत दाखल झालेल्या किंवा भरतीची नुसती चौकशी केलेल्या सुमारे सहा लाख व्यक्तींची माहिती त्यात होती. काहींचे पारपत्र क्रमांक आणि सुमारे ३,५०० जणांच्या बँक खात्यांचा तपशीलही होता. ही माहिती कूटबद्ध, म्हणजे एन्क्रिप्ट, केलेली नव्हती. संरक्षणमंत्री डेस ब्राऊन यांना संसदेत निवेदन करावे लागले आणि त्याच महिन्यात कूटबद्ध न केलेली व्यक्तिगत माहिती असलेले लॅपटॉप शासकीय कार्यालयाबाहेर नेण्यास मनाई झाली.

चोरी कोठेही होऊ शकते. सहा लाख लोकांची माहिती मोटारीत होतीच कशासाठी, हा खरा प्रश्न आहे. एवढे कागद न्यायचे तर मालमोटार लागली असती आणि कोणीतरी परवानगी विचारली असती. संगणकात संपूर्ण यादी उतरवून घेण्यास श्रम पडत नाहीत, म्हणून ती सोबत जाते. कामापुरतीच माहिती नेणे हा त्यामुळे पहिला उपाय ठरतो.

दुसरा उपाय संपूर्ण डिस्क कूटबद्ध करण्याचा. किल्लीवाचून अशी डिस्क निरर्थक असते. चोराच्या हाती केवळ यंत्र लागते. मात्र लॅपटॉप झाकण मिटून निद्रावस्थेत ठेवला, तर ही किल्ली सामान्यतः कार्यस्मृतीत तशीच राहते. वीज तोडल्यावरही स्मृतीतील नोंदी काही काळ टिकतात आणि त्यांतून किल्ली मिळवता येते, हे प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांनी २००८ मध्ये दाखवून दिले. म्हणून प्रवासाला निघताना यंत्र पूर्ण बंद करावे. पासवर्डची चिठ्ठी त्याच पिशवीत असेल, तर हा सारा खटाटोप व्यर्थ होय.

फलाटावरील यूएसबी जोडणीऐवजी स्वतःचा चार्जर विजेच्या सॉकेटला लावावा, कार्यालयीन कामासाठी कार्यालयाचे व्हीपीएन वापरावे, एवढे त्याबाबत पुरेसे आहे.

भारतीय कायदा चोरीच्या मालापाशी थांबत नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधील कलम ६६ ब नुसार चोरीचा संगणक अप्रामाणिकपणे स्वीकारणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, होऊ शकतात. डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ मात्र माहिती बाळगणाऱ्या संस्थेकडे वळतो: वाजवी सुरक्षा न राखल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य कर्तव्यांसाठी १८ महिन्यांची मुदत आहे. शिवाय सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशानुसार माहितीची गळती लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते.

शिक्षेच्या भीतीने कर्मचारी गप्प राहिला, तर हे सहा तास सहज निघून जातात. तेव्हा त्वरित कळविणाऱ्यास धाक वाटू नये, अशी व्यवस्था कार्यालयाने करावी. रात्री रेल्वेगाडीत पिशवी हरवल्यास कोणाला दूरध्वनी करावयाचा, तो क्रमांकही त्याला निघण्यापूर्वी द्यावा, आणि तो कागदावर. कारण भ्रमणध्वनी बहुधा त्याच पिशवीत असतो.