एंगादिनची सरोवरं



संयोजकांनी मला ‘आयटीतली माझी वीस वर्षं’ यावर बोलायला सांगितलं होतं. त्यात मीटिंगा फार होतात, एवढंच सांगण्यासारखं आहे. त्यापेक्षा गेल्या सप्टेंबरात कंपनीच्या कामाला झुरिकला गेले तेव्हा जोडून चार दिवस एंगादिनला राहिले, त्याविषयी बोलते.

एंगादिन म्हणजे स्वित्झर्लंडच्या आग्नेय कोपऱ्यातलं इन नदीचं खोरं. वरच्या खोऱ्याचा तळच सुमारे १,८०० मीटर उंचीवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे शिखराच्याही वर सपाट जमीन, आणि तिच्यावर ओळीनं सरोवरं: सिल्स, सिल्वाप्लाना, शांफेर, सेंट मोरिट्झ. काठानं पायवाटा, सायकली, होड्या. हिवाळ्यात हीच सरोवरं गोठतात आणि मार्चमध्ये हजारो माणसं त्यांच्यावरून स्की करत जवळजवळ ४२ किलोमीटर जातात. ही शर्यत १९६९ पासून चालू आहे.

मला सगळ्यात आवडला तिथला वारा. डोंगराळ खोऱ्यात दिवसा वारा सहसा खालून वर वाहतो. इथे उलटं! वरच्या टोकाला मालोयाची खिंड आहे, पण तिथे डोंगराची भिंत नाही. खिंडीपलीकडे जमीन एकदम खाली उतरते. त्या बाजूची तापलेली हवा खिंडीवरून आत येते आणि दुपारी खोऱ्यातून खाली धावते. मग सिल्वाप्लानाच्या पाण्यावर पतंगांना लटकून घसरणाऱ्यांची झुंबड उडते. मी काठावर बसून पाहिलं. या वयात गुडघे जपायचे असतात.

आता मुख्य गोष्ट. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सिल्सच्या सरोवरावर वीजनिर्मितीची योजना होती. ते वाचवायला पैसे हवे होते. १९४६ साली, युद्ध नुकतंच संपलेलं असताना, सोनेरी कागदात गुंडाळलेली चॉकलेटची नाणी देशभर विकली गेली. ती विकली शाळेतल्या मुलांनी. सरोवर राहिलं. नाणी विकायची पद्धतही राहिली. दर सप्टेंबरात मुलं ती विकतात, निसर्ग आणि जुन्या वास्तू जपण्यासाठी. त्यातला थोडा वाटा त्यांच्या वर्गाच्या खजिन्यात जातो.

पण एंगादिनला जाताना वाटेत दुसरंही एक पाणी लागतं. खूर गावाहून बस ज्युलियर घाट चढते, तेव्हा खिडकीतून मार्मोरेरा दिसतं. निळंशार, फोटो काढावा असं. ते धरण आहे. झुरिक शहराला वीज हवी होती. गावकऱ्यांनी १९४८ साली मतदान करून होकार दिला, घरं पाडली गेली आणि १९५४ मध्ये जुनं गाव पाण्याखाली गेलं. नवं गाव वर, उतारावर वसवलं. बसमधल्या बहुतेकांनी फोटो काढले. मला काढवेना.

का, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. आपल्या वर्गात कोयनेच्या धरणग्रस्तांच्या घरातली मुलं होती. शिवसागराच्या काठावर सहलीला गेलो तेव्हा एकीनं पाण्याकडे बोट करून ‘आमचं घर तिकडं’ म्हटलं होतं, आणि आपण सगळे हसलो होतो, कारण तिथे फक्त पाणी होतं. ती आज समोर बसली आहे. वीज लागतेच, माझं तर सगळं पोट विजेवर चालतं, त्यामुळे धरणंच नकोत असं मी म्हणणार नाही. पण मार्मोरेराच्या लोकांना निदान मतपत्रिका मिळाली. तिच्या आजोबांना काय मिळालं, ते ती सांगेल. संयोजकांना माझी विनंती आहे की पुढच्या मेळाव्यात अर्धा तास तिला द्यावा.

परत येताना झुरिकमध्ये दोन शाळकरी मुलींनी मला गाठलं. एक नाणं पाच फ्रँकला. घासाघीस करायचा मोह झाला, पण आवरला. दहा घेतली. विमानात थोडी वितळली आहेत, तरी चहाच्या वेळी तुकडे करून वाटते. एक अख्खं बाजूला ठेवलं आहे. ते कोणासाठी, हे कळलंच असेल.