पायालाही अक्षर येते



आज आम्ही पायाविषयी बोलणार आहोत. हसू नका. गोष्ट कामाची आहे.

आपल्या परभणी जिल्ह्यात सुगी आली की मळणी यंत्रे सुरू होतात. कडबाकुट्टी तर बारमाही चालते. यंत्र चांगले, पण नजर चुकली की हात आत ओढला जातो. धोक्याच्या यंत्रांसाठी १९८३ साली कायदा झाला. तरी ज्याचा हात गेला, त्याचा गेलाच. कोणी जन्मतःच हाताविना असतो. मग घरचे म्हणतात, “आता हा काय करणार? बसू दे ओसरीवर.”

आम्ही म्हणतो, बसू देऊ नका. पाय शाबूत आहेत ना? मग संगणक चालवता येतो. सातबारा काढून देतात तो संगणक, बरं का!

कसा ते ऐका. शिंप्याचे मशीन पायाने चालते. तसेच संगणकालाही पायडल जोडता येते. पायडल दाबले की आत वीज जुळते आणि खूण संगणकाकडे जाते. संगणक समजतो, बटण दाबले. कोणते बटण, ते आपण आधी ठरवून द्यायचे. मोठा गोळा बसवलेला माऊस जमिनीवर ठेवून तळव्याने गोळा फिरवला, की पडद्यावरचा बाण फिरतो.

पैसे नाहीत? साधा कळफलक जमिनीवर ठेवा. अंगठ्याने एकेक कळ दाबा. दोन कळा एकदम दाबायच्या असल्या तर? पुष्कळ संगणकांत शिफ्टची कळ पाच वेळा दाबली की एक सोय विचारली जाते. तिला ‘हो’ म्हणा. मग त्याच कळा एकामागून एक दाबल्या तरी चालते.

ही कल्पना आजची नव्हे. अमेरिकेतील डग्लस एंगलबार्ट यांनी १९६८ साली माऊस लोकांना दाखवला. त्याआधी त्यांनी गुडघ्याने चालणारे साधनही करून पाहिले होते. नवख्या माणसांना तेही चांगले जमले!

आता कोणी म्हणेल, “विद्येच्या वस्तूला पाय लावायचा? पाप लागेल.” आम्ही विचारतो, शिंपी खंडेनवमीला मशीनची पूजा करतो, आणि दुसऱ्या दिवशी त्यालाच पाय लावतो ना? गोदावरीच्या वरच्या अंगाला पैठण आहे. तिथला विणकर हातमागावर पायांनीही काम करतो. त्या पैठणीला कोणी विटाळ म्हणतो का? लाथ मारणे वेगळे, कष्ट करणे वेगळे.

जम्मूकडच्या शीतल देवीला जन्मापासून हात नाहीत. ती पायाने धनुष्य धरते. २०२४ साली पॅरिसच्या पॅरालिंपिकमध्ये तिने जोडीदारासह कांस्यपदक मिळवले. पायाला शिकवले की पाय शिकतो. पहिले दिवस जड जातात. पोटऱ्या दुखतात. म्हणून रोज थोडे थोडे करावे.

कायदाही पाठीशी आहे. २०१६ च्या कायद्याने सरकारी नोकरीत दिव्यांगांसाठी ४ टक्के जागा राखल्या आहेत. त्यासाठी किमान ४० टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो. तो आधी काढून ठेवा.

तुमच्या गल्लीत असा कोणी ओसरीवर बसला असेल, तर उद्या त्याला वर्गाला घेऊन या. आम्ही पाटी जमिनीवर ठेवू.