मुदत नसलेला हक्क



ज्या हक्काला मुदतच नाही त्याची किंमत कशी ठरवावी, हा आजचा विषय. तो सट्टेबाजारातला आहे हे मी नाकारीत नाही. पण आपल्याला तो अगदीच परका नाही. १९५६ च्या रोखे-करार कायद्यातील 'ऑप्शन'ची व्याख्या उघडून पाहा. तीत तेजी, मंदी, तेजी-मंदी, गल्ली हे आपल्या पेढ्यांवरचे शब्द जसेच्या तसे घातलेले आहेत. तेजी म्हणजे ठरल्या भावाने घेण्याचा हक्क आणि मंदी म्हणजे ठरल्या भावाने विकण्याचा हक्क. हा हक्क आहे, बंधन नव्हे. म्हणूनच त्याची किंमत आधी मोजावी लागते. त्या कायद्याने हे व्यवहार बंद केले, १९९५ मध्ये ती बंदी गेली आणि २००१ मध्ये निर्देशांकावरचे ऑप्शन रीतसर सुरू झाले. या सगळ्यांना मुदत असते. ती संपली की हक्क संपला.

अमेरिकेतील काही कंपन्यांनी मात्र बेमुदत वॉरंट काढले होते. वॉरंट म्हणजे कंपनीनेच दिलेली तेजी. ट्राय-कॉन्टिनेंटल ही त्यांपैकी एक. १९४२ च्या सुमारास तिचे वॉरंट डॉलरच्या बत्तिसाव्या भागाला मिळत होते, म्हणजे जवळजवळ फुकट. पुढे तेच कित्येक डॉलरांना विकले गेले. त्यावर १९४२ ची तारीख छापलेली असती, तर ती रद्दी ठरली असती.

या वॉरंटांचे गणित १९६५ साली पॉल सॅम्युएल्सन यांनी मांडले. त्यातून एक चमत्कारिक गोष्ट निघते. शेअर लाभांश देत नसेल, तर बेमुदत तेजी वापरूच नये. कारण ठरलेली रक्कम जितकी उशिरा भरावी तितके तिचे व्याज आपल्या पदरात. मग त्या हक्काची किंमत किती? खुद्द शेअरइतकी! न वापरायच्या हक्काला वापरायच्या वस्तूएवढे मोल! लाभांश आला की हे कोडे सुटते. वाट पाहणाऱ्याचा लाभांश बुडतो, आणि कुठेतरी वाट पाहणे थांबवावे लागते.

मंदीचे गणित याहून सुंदर आहे. रॉबर्ट मर्टन यांनी ते १९७३ साली दिले. गंमत अशी, की मुदतीआधी केव्हाही वापरता येणाऱ्या मुदतीच्या मंदीला असे सुटसुटीत सूत्र अजूनही नाही. ती किंमत यंत्राकडून आकडेमोड करून काढावी लागते. मुदत काढून टाकली, की सूत्र दोन ओळींत मावते. कारण उघड आहे: दिवस मोजायचे नसले, म्हणजे फक्त भावाकडे पाहायचे.

उदाहरण घेऊ. शेअर १०० रुपयांना विकण्याचा बेमुदत हक्क, व्याज ८ टक्के, भावाच्या चढउताराचे माप वर्षाला ४० टक्के, लाभांश नाही. या आकड्यांना हक्काची किंमत २,५०० भागिले शेअरचा भाव इतकी येते. भाव १०० असताना २५ रुपये, २०० असताना साडेबारा. भाव ५० वर आला की हक्क वापरावा.

हा हक्क विकणारा काय करतो, ते पाहा. भाव १०० असताना त्याला २५ रुपये मिळाले. भाव घसरला तर देणे वाढेल, म्हणून तो पाव शेअर उसना घेऊन विकतो. त्याचे आणखी २५. हातात ५० रुपये, त्यांचे वर्षाचे व्याज ४ रुपये. पण भाव वरखाली होताना त्याला चढत्या भावात घ्यावे आणि पडत्या भावात विकावे लागते. या ओढाताणीत सरासरीने वर्षाला नेमके ४ रुपये जातात. हिशेब जुळतो. भाव ५० वर आला, की त्याने एक पूर्ण शेअर विकलेला असतो आणि हातात १०० रुपये असतात. हक्कदाराने हक्क वापरला तर ते १०० त्याला देऊन तो आलेल्या शेअराने उसनवारी फेडतो. पण हक्कदार म्हणाला, "अजून पडेल, थांबतो", तर त्या १०० रुपयांचे वर्षाला ८ रुपये व्याज विकणाऱ्याच्या घरी येऊ लागते. लोभी हक्कदार तो हाच. मुदत नाही म्हणून आपण कधीही थांबू शकतो असे त्याला वाटते, आणि थांबण्याचे भाडे तो रोज भरीत असतो.

हे भाडे उघड करण्याची एक रीत २०२१ साली डेव्ह व्हाइट आणि सॅम बँकमन-फ्रीड यांनी सुचविली. ऑप्शनचा बाजारभाव आणि तो त्या क्षणी वापरल्यास मिळणारी रक्कम, यांतला फरक हक्कदाराने विकणाऱ्याला रोज द्यायचा. असा हक्क म्हणजे रोज संपणाऱ्या ऑप्शनांची माळच: अर्धा भाग पहिल्या दिवसाचा, पाव दुसऱ्या दिवसाचा, आठवा तिसऱ्याचा, असे पुढे. एकरकमी किमतीपेक्षा मला ही रीत प्रामाणिक वाटते. नको झाले की भाडे बंद करून मोकळे होता येते.

पण बेमुदत करार करताना समोरचा किती दिवस टिकेल, हे या कोणत्याही सूत्रात नाही. त्या दुसऱ्या लेखकाची एफटीएक्स ही पेढी नोव्हेंबर २०२२ मध्ये बुडाली. त्याला या ऑप्शनांचे गणित कारण नव्हते; ग्राहकांच्या ठेवी भलतीकडे वापरल्या गेल्या होत्या, आणि त्याबद्दल त्याला २०२४ मध्ये पंचवीस वर्षांची शिक्षा झाली. ज्या पेढीच्या मालकाने कधीही न संपणाऱ्या हक्काची रीत सुचविली, ती पेढी त्यानंतर दोन वर्षेही उभी राहिली नाही.