सफाईचे यंत्र पारखताना

(इटारसी येथे कोचिंग व सफाई विभागातील सभासदांच्या अभ्यासवर्गात शाखा सचिवांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या वर्गात आमच्याकडे सोपवलेला विषय ऐकून काही मंडळींना हसू आले. गालिचे आणि गाद्या धुणाऱ्या, गाडीवर बसवलेल्या यंत्रांची तुलना! युनियनने पगार, बढती, क्वार्टर यांवर बोलावे, यंत्राचा कॅटलॉग साहेबांनी वाचावा, असे पुष्कळांना वाटते. आम्हालाही पूर्वी तसेच वाटत असे. पण यंत्र ठरते त्याच दिवशी एका डब्याला किती माणसे आणि किती मिनिटे, हेही ठरून जाते. आपण जागे होतो तेव्हा कागदावर सही झालेली असते. म्हणून हा विषय.

काही वर्षांपूर्वी आमच्या वॉशिंग लाइनवर एका ठेकेदाराने टेम्पोवर बसवलेले गरम पाण्याचे यंत्र आणले. पहिल्या वर्गाच्या वातानुकूलित डब्यातील गालिचे, खुर्च्यांच्या कापडी गाद्या आणि विश्रामगृहातील गालिचे यांसाठी. कॅटलॉगमध्ये २४० अंशाचा आकडा होता. त्या आकड्याच्या जोरावर दहा जणांची टोळी सहावर आणली. आमच्याकडे तक्रार आली ती महिनाभराने. टोळीतल्या एक ताई म्हणाल्या, "भाऊ, पहिल्या डब्यात पाणी चटका देतं, चौथ्या डब्यात कोमट येतं. मग ब्रशनं घासावंच लागतं. वेळ मात्र तेवढाच देतात."

त्या बाईंनी एका वाक्यात जे सांगितले, ते समजून घ्यायला आम्हाला बरेच दिवस लागले. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तरी हिशेब अवघड नाही. आज तो आपल्यापुढे मांडतो.

प्रथम यंत्र काय करते ते पाहू. याला बाजारात 'स्टीम' म्हणतात, पण वाफ कुठे नसते. पंप गरम पाणी दाबाने गालिच्यात मारतो आणि त्याच काठीच्या तोंडातून ब्लोअर ते मळासकट लगेच ओढून घेतो. अमेरिकेत हे सारे एका बंद व्हॅनमध्ये बसवतात. व्हॅन घराच्या दारात उभी राहते आणि फक्त नळ्या आत जातात.

कल्पना जुनी आहे आणि तिचा आपल्या रेल्वेशी संबंध आहे. इंग्लंडमध्ये ह्युबर्ट सेसिल बूथ नावाच्या अभियंत्याने रेल्वेच्या डब्यातील खुर्च्यांवरची धूळ हवेने उडवण्याचे एक यंत्र पाहिले. धूळ उडवून ती पुन्हा तिथेच बसते, मग ओढून का घेऊ नये, असे त्याच्या मनात आले. १९०१ साली त्याने ओढणारे यंत्र केले. ते इतके मोठे होते की घोडागाडीवर रस्त्यात उभे राही आणि खिडक्यांतून नळ्या आत जात. १९०२ मध्ये राजा एडवर्डच्या राज्याभिषेकाच्या वेळी वेस्टमिन्स्टर ॲबीतील गालिचे त्याच यंत्राने साफ झाले.

आता उष्णतेचा हिशेब. शाळेत आपण शिकलो की एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी लागते. काठीतून मिनिटाला ४ लिटर पाणी जाते असे धरा. टाकीतले पाणी २५ अंशांवर आहे आणि ते ९० वर न्यायचे आहे. म्हणजे ६५ अंश गुणिले ४, मिनिटाला २६० किलोकॅलरी. तासाला १५,६००. विजेच्या एका युनिटमध्ये ८६० किलोकॅलरी असतात. म्हणजे तासाला सुमारे १८ युनिट, दोन किलोवॅटचे नऊ गीझर एकदम चालू ठेवल्यासारखे.

विजेवर चालणारे ढकलते यंत्र १५ अँपिअरच्या पिनवर लावले तर साडेतीन किलोवॅटच्या आतच मिळतात. ते सगळे पाणी तापवण्यात घातले तरी वाहते पाणी जेमतेम १२ अंशांनी तापेल. म्हणून त्यात आधी तापवलेले पाणी भरावे लागते. गाडीवरचे यंत्र इथे पुढे जाते. इंजिनात जाळलेल्या इंधनाची फार तर एक तृतीयांश ताकद कामाला येते, बाकीची रेडिएटर आणि सायलेन्सरमधून फुकट जाते. त्या फुकट उष्णतेभोवती पाण्याच्या नळ्या फिरवल्या की पाणी तापते. काही यंत्रांत वेगळा डिझेलचा किंवा गॅसचा बर्नर असतो. उष्णतेच्या बाबतीत गाडीवरचे यंत्र सरस आहे, हे आम्ही प्रामाणिकपणे मान्य करतो. खरे यंत्र खरेच वाचवते.

मग फसगत कुठे होते? चार ठिकाणी होते.

पहिली फसगत अंशाची. अमेरिकेतील कॅटलॉग फॅरनहाइटमध्ये असतात. २४० फॅरनहाइट म्हणजे सुमारे ११६ सेल्सिअस. दाबाखाली पाणी शंभराच्या वरही उकळत नाही हे बॉयलरवर काम केलेल्यांना ठाऊक आहे. पण तोंडातून बाहेर पडताच दाब सुटतो, थोडे पाणी वाफ होऊन जाते आणि बाकीचे शंभराच्या खाली येते. गालिच्याला ११६ अंश कधीच लागत नाहीत.

दुसरी फसगत वेळेची. खटका सोडून यंत्र थोडा वेळ चालू ठेवले की आत उष्णता साठते. मग खटका दाबला की पहिली दोन-तीन मिनिटे पाणी जोरात तापलेले येते. दाखवायला आलेला माणूस नेमके तेवढेच दाखवतो. आपले काम मात्र सलग असते. त्यात दोन काठ्या लावून "दुप्पट काम" म्हणतात. पाणी ४ ऐवजी ८ लिटर झाले आणि उष्णता तेवढीच राहिली, तर ६५ अंशांची वाढ ३२ वर येते. पाणी ९० ऐवजी ५७ वर. याशिवाय टाकीतले पाणी जानेवारीत वेगळे, मे महिन्यात वेगळे. म्हणून दोन यंत्रांची तुलना करताना शेवटचा अंश धरू नये, किती अंशांची वाढ केली ते धरावे.

तिसरी फसगत नळीची, आणि ही आपल्याला सर्वांत लवकर कळायला हवी होती. आमच्यापैकी बरेच जण व्हॅक्यूम ब्रेकच्या काळात नोकरीला लागले. इंजिनातल्या गेजवर ५३ सेंटिमीटर दिसले म्हणून गाडी सुटत नसे. गार्डाच्या डब्यातले गेजही पाहिले जाई, कारण इतक्या लांब पाइपात, इतक्या जोडांत, मागे पोहोचेपर्यंत व्हॅक्यूम कमी होतो. या यंत्राचेही तसेच आहे. उष्णतेचे गेज यंत्रावर असते आणि काम नळीच्या दुसऱ्या टोकाला. लांब नळीत पाणी निवते आणि ओढही कमी होते. ब्लोअरचा हवेचा आकडा कॅटलॉगमध्ये असतो, तो काठीच्या तोंडाशी मिळत नाही. अमेरिकेत व्हॅन दारात असते. आपल्याकडे एका डब्याची लांबी २२ ते २४ मीटर. चौथ्या डब्यापर्यंत नळी नेली की ताईंचे म्हणणे तंतोतंत खरे ठरते. चोवीस डब्यांच्या गाडीला ज्या लाइनशेजारी रस्ता नाही तिथे टेम्पोवरचे यंत्र कितीही गरम असले तरी उपयोगाचे नाही. तिथे ढकलते यंत्र आणि तापवलेल्या पाण्याची वेगळी सोय बरी.

चौथी फसगत म्हणजे उष्णता हेच सर्व काही असे समजणे. लोकरी गालिच्यावर फार कडक पाणी चालत नाही, रंग सुटतो. तागाच्या पाठीचा गालिचा जास्त भिजला तर आकसतो आणि तपकिरी डाग वर येतात. पाणी परत किती ओढले जाते हे म्हणून तितकेच महत्त्वाचे. ओला गालिचा घेऊन गाडी सुटली की वास येतो आणि प्रवाशाची तक्रार सफाई कामगाराच्या नावावर चढते.

बंधू-भगिनींनो, आता मुख्य मुद्दा. हर्बर्ट सिनर नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाने १९५९ मध्ये धुलाईचा एक साधा नियम मांडला. मळ निघायला चार गोष्टी लागतात: उष्णता, रसायन, घासणे आणि वेळ. यांपैकी एक कमी केली तर उरलेल्यांपैकी काहीतरी वाढवावे लागते. आता आपल्या लाइनवर हा नियम लावून पाहा. कागदावर उष्णता ९० धरली म्हणून वेळ कमी केला आणि माणसे कमी केली. प्रत्यक्षात उष्णता ६० च मिळाली. तूट कशाने भरून काढायची? वेळ नाही. मग रसायन कडक करतात, ते कामगाराच्या हाताला आणि नाकाला लागते. नाही तर घासणे वाढते, ते कामगाराच्या खांद्यातून आणि कमरेतून निघते. यंत्र जेवढे कमी देते तेवढे कामगाराच्या अंगातून वसूल होते, आणि त्याची नोंद कुठल्याही गेजवर होत नाही.

धोक्याचेही बोलले पाहिजे. ६० अंशांचे पाणी काही सेकंदांत कातडी भाजते. आमच्या लाइनवर एका सहकाऱ्याच्या पायावर जोड निसटून पाणी पडले. पायात रबरी चप्पल होती. बंद शेडमध्ये इंजिन चालले तर धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नाही, आणि तो माणूस मारतो. इंजिन व ब्लोअरच्या आवाजाशेजारी रोज आठ तास उभे राहिले तर कानही जातात.

आम्ही चाचणी मागितली. प्रशासनाने ती मान्य केली, हेही सांगितले पाहिजे. संबंधित अधिकारी स्वतः हजर राहिले. सुरुवातीला गेज नव्वदच्या वर होते. चौथ्या डब्यात खटका पंधरा मिनिटे दाबून धरल्यावर यंत्रावरचे गेज ऐंशीच्या खाली आले आणि काठीच्या तोंडाशी धरलेल्या थर्मामीटरने साठच्या आसपास दाखवले. ते आकडे इतिवृत्तात आले. टोळी सहावरून आठवर गेली, डब्याचा वेळ वाढला, बूट मिळाले. पण कमी केलेल्या चौघांपैकी दोघांना परत घेता आले नाही. आम्ही सहीच्या आधी गेलो असतो तर तेही राहिले असते. ही आमची चूक आहे आणि तुमच्याकडून ती होऊ नये म्हणून हे सांगतो.

तेव्हा आपल्या डेपोत यंत्र यायचे कळताच शाखेने लेखी चाचणी मागावी, आणि चाचणीत इतक्या गोष्टी पाहाव्यात. एक, उष्णता काठीच्या तोंडाशी मोजावी, सर्वांत लांबच्या डब्यात, सलग पंधरा मिनिटांनंतर. दोन, टाकीतल्या पाण्याचा अंश लिहून किती वाढ झाली ते काढावे. तीन, शंभर लिटर पाणी घातले तर मळक्या टाकीत किती परत आले ते मोजावे. चार, गालिचा किती तासांत वाळला ते घड्याळ लावून पाहावे. पाच, इंधन किती लागले ते लिहावे. सहा, नळीचे जोड, धूर, आवाज, बूट आणि हातमोजे तपासावेत. आणि सातवी गोष्ट, यंत्र कंपनीच्या माणसाने चालवू नये. जो रोज चालवणार त्यानेच चालवावे आणि इतिवृत्तावर त्याचीही सही असावी. तो ठेक्यावरचा असला, आपला सभासद नसला, तरीही.

थर्मामीटर थोड्या पैशांत मिळतो. प्रत्येक शाखेने एक विकत घेऊन कार्यालयाच्या कपाटात ठेवावा, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.

कामगार एकजुटीचा विजय असो!