जे बॅकअपमध्ये गेलंच नव्हतं



 

रिस्टोअरनंतरची आपली नेहमीची तक्रार कोणती? ‘टेबलं आली, डेटा आला, पण प्रोसिजर कुठे गेल्या?’ मग फाईल करप्ट झाली का, डिस्क भरली का, कुणी काही उडवलं का, अशी धावाधाव सुरू होते. माझं म्हणणं असं की, हा तपास बहुतेक वेळा चुकीच्या टोकाने सुरू होतो. ती प्रोसिजर बॅकअपमधून हरवलेली नसते, त्यात गेलेलीच नसते. डेटाबेस म्हणजे काय, याची आपली हद्द वेगळी आणि बॅकअप घेणाऱ्या टूलची वेगळी.

मायएसक्यूएल घ्या. मायएसक्यूएलडंप साधा चालवला तर टेबलं येतात, व्ह्यू येतात, ट्रिगरही येतात. स्टोअर्ड प्रोसिजर, फंक्शन आणि इव्हेंट येत नाहीत. ते पर्याय देऊन मागावे लागतात. ट्रिगर न मागता आणि प्रोसिजर मागितल्यावर, ही वाटणी कुणाला सुचली देव जाणे! ट्रिगर आलेले पाहून माणूस निर्धास्त होतो, तिथेच घात होतो. एरर येत नाही. महिनाअखेरचा हिशेब करणारा इव्हेंट आलाच नाही, हे महिना संपल्यावर कळतं.

पोस्टग्रेसचा पीजी डंप एका डेटाबेसपुरतंच पाहतो. रोल सबंध क्लस्टरचे, म्हणून ते बाहेर राहतात. त्यासाठी पीजी डंपऑल वेगळा चालवायचा. नव्या सर्व्हरवर रोल नसले की मालकी आणि परवानग्यांच्या ओळी फसतात, पण पीजी रिस्टोअर थांबायला सांगितल्याशिवाय थांबत नाही. शेवटी, इतक्या चुका सोडून दिल्या, असा नुसता आकडा दाखवतो. तो कोण वाचतो? ओरॅकल 11जी रिलीज 2मध्ये तर जुन्या ‘एक्स्प’ने रिकामी टेबलंच वगळली होती, कारण ओळ पडेपर्यंत त्यांना सेगमेंटच मिळत नव्हता.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये लॉगिन मास्टरमध्ये राहतात आणि एजंटचे जॉब एमएसडीबीत, हे आपण जाणताच. पण मला त्यातला दुसराच प्रकार नामी वाटतो, कारण त्यात बॅकअप अगदी शाबूत असतो. रोज एकाच फाईलवर बॅकअप घेतला आणि ‘इनिट’ दिलं नाही, तर नवा संच जुन्याच्या मागे जोडला जातो. रिस्टोअर करताना संचाचा क्रमांक दिला नाही, तर पहिला, म्हणजे सगळ्यात जुना उचलला जातो. परवा बनवलेलं टेबल गायब आणि संदेश मात्र यशाचा! ‘रिस्टोअर हेडरओन्ली’ चालवून तारखा पाहिल्या की उलगडा होतो.

31 जानेवारी 2017ला गिटलॅबमध्ये काय घडलं, ते त्यांनी स्वतःच जाहीर लिहून ठेवलं आहे. मुख्य सर्व्हरवरचा डेटा चुकून पुसला गेला. बॅकअप शोधायला गेले तर साठवणीची जागा रिकामी. पोस्टग्रेस सर्व्हर 9.6चा आणि चालत होता 9.2चा पीजी डंप, म्हणून तो रोज फसत होता. फसल्याची ईमेलही पोहोचत नव्हती. प्रमाणीकरण नसल्याने ती परत फिरवली जात होती. अखेर सुमारे सहा तासांपूर्वीचा स्नॅपशॉट कामी आला.

रिस्टोअरची चाचणी आम्ही घेतो, असं पुष्कळ जण सांगतात. कुठे घेता? त्याच सर्व्हरवर, नाव बदलून. तिथे लॉगिन, रोल, जॉब आधीच हजर असतात, त्यामुळे बॅकअपमधली उणीव झाकली जाते. चाचणी कोऱ्या मशीनवरच हवी. आणि नुसत्या ओळी मोजून भागत नाही. सिस्टीम कॅटलॉगमधून प्रोसिजर, ट्रिगर, इव्हेंट, रोल अशी प्रकारवार नावांची यादी मूळ सर्व्हरवर काढायची, तशीच रिस्टोअर केलेल्यावर, आणि दोन्ही ताडून पाहायच्या. काम कंटाळवाणं आहे, आणि म्हणूनच ते स्क्रिप्टकडे सोपवावं.

उद्याच्या खुल्या अधिवेशनात मी एक ठराव मांडणार आहे. बॅकअपच्या नोंदवहीत ‘यशस्वी’ हा शेरा जॉब संपल्यावर नव्हे, तर या दोन याद्या जुळल्यावर, ताडणाऱ्याच्या सहीनिशी पडावा. अनुमोदक अजून मिळायचा आहे. इच्छुकांनी चहाच्या वेळी मला गाठावं.