हसवा, पण गेम घ्यायचा का ते सांगा

नागपूरहून बोलतोय. आज विषय आहे टीव्हीवरच्या गेम-परीक्षणाचा.

अमेरिकेत १९९८ साली झेडडीटीव्ही वाहिनीवर ‘गेमस्पॉट टीव्ही’ सुरू झाला. २००३ मध्ये त्याचं नाव ‘एक्स-प्ले’ झालं. पुढे तो जी-फोर वाहिनीवर गेला आणि २०१३ मध्ये संपला. अ‍ॅडम सेसलर आणि मॉर्गन वेब गेमची चिरफाड करायचे, मध्येच छोटी प्रहसनं करायचे आणि शेवटी पाचपैकी गुण द्यायचे. तेही पूर्ण आकड्यात. ‘साडेतीन’ म्हणून सुटका नाही!

यातला विनोद मला तोंडी लावण्यापुरता वाटत नाही. ‘कॅमेऱ्याची हाताळणी सदोष आहे’ हे कोणाच्या लक्षात राहतं? पण असं म्हणा: ‘मे महिन्यात आपण कूलरमध्ये तोंड घालतो ना, तसा याचा कॅमेरा भिंतीत तोंड घालून बसतो.’ हसलात ना बे? आणि दोषही कळला.

नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या कॅसेटवर ‘९९९९ इन १’ छापलेलं असायचं. आत तेच मोजके गेम नाव बदलून पुन्हा पुन्हा यायचे. ओवाळणीचे पैसे साठवणाऱ्या पोराला हे दुकानात जायच्या आधी कोण सांगणार होतं?

आज यूट्यूबवर गेम खेळत हसवणारे पुष्कळ आहेत. पण नुसती आरडाओरड म्हणजे परीक्षण नव्हे. भाऊ, पोट धरून हसवा. पण शेवटी सांगा, पैसे टाकायचे की नाही?